म्हाताऱ्याच्या पाठीवरची हळद

सोयाबीनच्या मळणी यंत्रात बाच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली तेव्हा मी चौथीत होते. यंत्र दुसऱ्याचं, सोयाबीन दुसऱ्याचं, बोटं तेवढी आमची. त्याआधी बा उंद्रीच्या फाट्यावर हमाली करायचा. पोतं पाठीवर घ्यायला पाठ लागते असं लोकांना वाटतं, पण पोत्याचा कान धरायला बोटं लागतात. ती गेली आणि बा घरी बसला.

घर म्हणजे वर टिन आणि बाजूने शेणानं सारवलेला तुराट्यांचा कूड. माय निंदायला जायची, कापूस वेचायला जायची. बा पारावर जायचा. पारावर पत्ते चालायचे. उरलेल्या बोटांत पोतं मावत नव्हतं, पत्ते मात्र बरोबर मावायचे.

आमच्याकडे एक दुधाची बकरी होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, गावात जुवा चालतोच, आणि त्या करीला बा बकरी हरला. संध्याकाळी एक माणूस आला, त्यानं खुंट्याची दोरी सोडली आणि बकरी घेऊन गेला. माय भाकरी थापत होती. ती उठली, खुंटीवरच्या बाच्या बंडीतून पत्त्यांचा कॅट काढला, चुलीत घातला आणि त्याच जाळावर पुढची भाकरी टाकली. पत्ते प्लॅस्टिकचे होते. त्या दिवशीच्या भाकरीला तो वास लागला, आणि आम्ही ती खाल्ली, कारण दुसरी नव्हती.

मग माय एवढंच म्हणाली, "या घरात पत्ता दिसला त चुलीत जाईन. पत्ताबी अन आणणाराबी."

बा पुन्हा पारावर बसला नाही. पुढे त्याला एका जिनिंगवर राखणदारी मिळाली. दिवस ओढत ओढत निघाले. मी शिकले. आमच्या घरात दहावीपुढे गेलेली मी पहिली आणि पदवी घेतलेलीही मी पहिली. गणित घेऊन बी.एस्सी. झाले, तेही पहिल्या वर्गात. हे सांगताना मी मान खाली घालत नाही. ज्यांच्या घरात तीन पिढ्या पदव्या आहेत त्यांनी खुशाल घालावी.

पत्ते माझ्या हातात आले ते बुलढाण्याच्या होस्टेलवर. माझ्या खोलीतली मुलगी अकोल्याची. तिच्या पेटीत एक डबी होती, आणि डबीत चित्रांची कार्डं. राजा-राणी-गुलाम नाही. राक्षस, जादूगार, यंत्रं, वादळं. हा खेळ दोघांचा. प्रत्येकानं साठ कार्डांचा आपापला संच घरून बांधून आणायचा, त्याला डेक म्हणतात. हजारो कार्डांतून कोणती साठ घ्यायची, अर्धा खेळ तिथंच होतो. सुरुवातीला दोघांकडे वीस-वीस गुण. समोरच्याचे शून्यावर आणले की आपण जिंकलो. पैसे लावायचे नसतात.

बहुतेक लोक थोडं थोडं मारून जिंकतात. या फेरीत दोन गुण, पुढच्या फेरीत तीन. मला आवडला तो दुसऱ्या जातीचा डेक. त्याला कॉम्बो म्हणतात. त्यातली कार्डं एकेकटी काहीच कामाची नसतात. मार खात बसायचं, हवी ती कार्डं हातात जमवायची, आणि जमली की एकाच फेरीत समोरच्याला वीसवरून शून्यावर आणायचं. जमली नाहीत तर आपण मेलो.

बहुतेक कार्डं टाकायला शक्ती खर्च करावी लागते. माझ्या डेकमध्ये मुख्य कार्डं तीन प्रकारची, प्रत्येकाच्या दोन-चार प्रती. एक यंत्र, जे वापरलं की दोन शक्ती देतं आणि बाद होतं. एक कंदीलवाला म्हातारा, जो एक शक्ती घेऊन बाद झालेलं कार्ड परत आणतो. म्हणजे यंत्रानं दोन द्यायच्या, म्हाताऱ्यानं एक घेऊन यंत्र परत आणायचं, एक आपल्याकडे उरली. पुन्हा तेच. रहाटासारखं फिरत राहतं. आणि तिसरी घंटा. बाद कार्ड परत आलं की ती वाजते आणि समोरच्याचा एक गुण जातो.

माझी खोलीवाली म्हणायची, "तू काऊन असा डेक खेळतं वं? निस्ता मार खातं, निस्ता मार खातं, अन मंग एकदम उठतं."

मी म्हटलं, "आमच्या घरी असंच चालते."

पदवीनंतर मला चिखलीच्या एका खाजगी शाळेत गणित शिकवायचं काम लागलं. उंद्रीहून जाणं-येणं करायचे. डेक शाळेच्या पिशवीत राहायचा. घरात काढला नव्हता, कारण चुलीची आठवण मलाही होती. मग खामगावच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानदारानं खटपट करून विभागाची निवड स्पर्धा आपल्या गावात आणली. पहिले दोघं पुण्याच्या राज्य स्पर्धेला जाणार. रविवारी होती. शनिवारी संध्याकाळी मी चूल विझल्यावर डेकची डबी मायच्या समोर ठेवली.

"हे काय होय?"

"पत्ते."

मायनं चुलीकडे पाहिलं. "या घरात पत्ते नोको म्हणून सांगतलं होतं न म्या?"

"याच्यात पैसे लावत नाहीत, माय."

"बकरीबी पैसा नव्हती."

बा दारात बसला होता. त्यानं आमच्याकडे पाठ फिरवली.

मी म्हटलं, "तिथं पंच असते. कोणी लबाडी केली त भायेर काढतेत. जुवा असता त पंच ठेवला असता का?"

"लबाडी होते म्हणूनच त पंच ठेवतेत."

माझ्या मायला शाळा नाही, पण तिच्याशी वाद घालायचा तर जेवून बसावं लागतं. शेवटी मी म्हटलं, "पाह्य, उद्या मी जाऊन येतो. खरं खरं सांगन काय झालं ते. तुले वाटलं का हा जुवाच होय, त डबी तूच चुलीत घाल. पुन्हा हात नाही लावणार."

तिनं डबी उघडली. मग म्हणाली, "खेयतेत कसं?"

मी जमिनीवर मांडून दाखवलं. यंत्र, म्हातारा, घंटा. पुन्हा यंत्र, म्हातारा, घंटा. तिनं हिशोब लगेच धरला. "म्हणजे दोन आणते अन एक खाते. असा जावई पायजे."

बाची पाठ हलली. हसला असावा.

"याच्यातला मोठा कोण?"

"हा म्हातारा. हा नसला त काही नाही."

तिनं कार्ड हातात घेऊन दिव्याकडे धरलं. पांढरी दाढी, हातात कंदील. "हा त बाबाजी दिसते एखादा," म्हणाली, आणि परत दिलं. मी सगळी कार्डं गोळा केली, म्हाताऱ्याला सर्वांत वर पालथा ठेवला आणि डबी बंद केली.

सकाळी मायनं हातावर दही-साखर ठेवली आणि डबी माझ्या हातात दिली. डबी रात्री पिशवीत होती, ती तिच्या हातात कशी आली हे मी विचारलं नाही. एसटी फाट्यावर लागली होती.

स्पर्धा दुकानाच्या वरच्या हॉलमध्ये होती. लांब टेबलं, डोक्यावर पांढऱ्या ट्यूबलाइटांची रांग. अकोल्याचे, जालन्याचे, नागपूरचे पोट्टे आले होते. पुण्याहूनही काही जण आले होते. तिकडच्या स्पर्धेत गर्दी फार, म्हणून इकडून सोपं जाईल असा त्यांचा हिशोब. मुली आम्ही दोघीच, आणि दुसरी भावासोबत नुसती पाहायला आलेली.

माझा उपांत्य सामना पुण्याच्या एका मुलाशी लागला. तोपर्यंतच्या फेऱ्यांबद्दल सांगण्यासारखं एवढंच की मी मार खाल्ला आणि जिंकले. तीनपैकी दोन डाव जिंकेल त्याची राज्य स्पर्धेची जागा पक्की. मुलगा सभ्य होता, पण जीभ तिखट. मी फोनवर खोलीवालीला "जेवून राह्यली का?" असं विचारताना त्यानं ऐकलं होतं. खाली बसता बसता म्हणाला, "तुम्ही कोणत्या गावच्या?"

"उंद्री."

"पुण्याजवळचं उंद्री?"

"नाही. त्याच्याआधीचं."

पहिला डाव मी घेतला. म्हातारा तिसऱ्याच फेरीत आला आणि रहाट फिरला. दुसऱ्या डावाआधी, रिवाजाप्रमाणे, त्यानं माझी गड्डी पिसायला घेतली. पिसता पिसता थांबला. एक कार्ड बाहेर ओढून उजेडात तिरपं धरलं.

"पंच," त्यानं हात वर केला.

प्रत्येक कार्ड आम्ही प्लॅस्टिकच्या कव्हरात घालतो. मागून सगळी कव्हरं सारखी दिसली पाहिजेत, हा या खेळाचा पहिला नियम. मागून एखादं कार्ड ओळखू आलं, तर ते कुठं आहे हे खेळणाऱ्याला कळतं. पारावर नखानं खूण करायचे, तसंच. माझी कव्हरं पांढरी होती. चिखलीत तीच मिळाली होती. त्या एका कव्हराच्या पाठीवर, मधोमध, फिकट पिवळा डाग होता.

पंच अकोल्याचे होते, जाडसर, चष्मेवाले, एका बँकेत नोकरीला. त्यांनी कार्ड उलटं केलं. म्हातारा.

ज्यांना खेळ कळतो ते सगळे टेबलाजवळ सरकले. साठ कार्डांत खूण एकावर, आणि तीही नेमक्या मुख्य कार्डावर. मी पंच असते तर मीही मला बाहेर काढलं असतं.

"काय आहे हे?" पंचांनी विचारलं.

मी कव्हर नाकाशी नेलं. नेलं नसतं तरी कळलं असतं. "हळद आहे," मी म्हटलं.

"हळद?"

"मायनं पूजा केली असंल. मला माहीत नव्हतं."

मागून कुणीतरी हसलं. पुण्याचा मुलगा हसला नाही. तो म्हणाला, "सर, मी काही आरोप करत नाही. पण हेच कार्ड कसं?"

प्रश्न बरोबर होता. लबाड ठरले तर वर्षभर खेळायची बंदी, ते एक. पण माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. संध्याकाळी घरी जाऊन मी खरं सांगणार होते. खुणेचे पत्ते वापरले म्हणून हाकललं, हे ऐकल्यावर मायला जुवा म्हणजे काय हे वेगळं समजवायची गरज नव्हती. आणि खूण तिच्याच बोटाची.

पंचांनी मला बाजूला नेलं. म्हणाले, "आईला फोन लावा. तुम्ही बोलायचं नाही. मी बोलतो. स्पीकरवर ठेवा." त्या मुलालाही त्यांनी ऐकायला बोलावलं.

माय रानात होती. वारा ऐकू येत होता.

"हॅलो, काकू, मी खामगावहून बोलतो. स्पर्धेतला पंच."

"कोण?"

"पंच, पंच."

"पोरगी कुठी हाये? काय झालं तिले?"

"काही नाही झालं. ठीक आहे ती. काकू, आज सकाळी काही पूजा केली का?"

"काऊन?"

"सांगा ना."

"केली. रोजच करतो. तुम्ही पंच होय का पुजारी?"

पंचांनी चष्मा काढून पुसला. "मुलीच्या पत्त्यांची पूजा केली का?"

पलीकडे कोणी बाई काहीतरी म्हणाली, तिला मायनं "थांब वं" म्हटलं. मग फोनवर आली. "हाव. हयद-कुकू लावलं म्या. मंग? तिच्या परीक्षेच्या पेनालेबी लावत होतो. बाच्या हातातल्या काठीलेबी दसऱ्याले लावतो. कामाच्या वस्तूले लावा लागते."

"मग एकालाच कसं लावलं?"

"मोठ्यालेच लावतेत न बाप्पा. घरात पावना आला त कुकू त्याले लावता का साऱ्या गल्लीले? वरतं तोच बाबाजी होता."

"पण कुंकू तर दिसत नाही."

"पुसलं न पदरानं. कार्डं खराब झाले म्हणून पोरगी चिडली असती. हयद थोडीच निंघते." मग आवाज बदलला. "साहेब, पोरीनं काही लबाडी केली का?"

पंच म्हणाले, "नाही काकू. तेच पाहून राह्यलो." त्यांची अकोल्याची बोली तोवर दडलेली होती, ती तिथं बाहेर आली.

फोन ठेवून त्यांनी निर्णय सांगितला. लबाडी नाही. पण खूण ती खूण, कोणी का केली असेना. गड्डी सारखी ठेवायची जबाबदारी खेळणाऱ्याची. म्हणून दुसरा डाव समोरच्याला दिला. एक-एक बरोबरी. सगळी कव्हरं बदलायची, आणि तिसरा डाव खेळायचा.

मी मान्य केलं. निर्णय बरोबरच होता. अडचण अशी की खाली दुकानात कव्हरं संपली होती. मी डागाच्या कव्हराकडे पाहत बसले, तर समोरून काळ्या कव्हरांचं नवं पाकीट सरकत आलं.

"घ्या," पुण्याचा मुलगा म्हणाला. "नाहीतर गावात सांगाल, पुणेकरानं हळदीवरून काढलं म्हणून."

"ते तर सांगणारच आहे," मी म्हटलं. त्यानं कव्हरं भरायलाही मदत केली. काळ्या कव्हरावर हळद दिसणार नाही, असंही म्हणाला. पंचांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

तिसरा डाव. पहिल्या हातात मला यंत्र आलं, दोन घंटा आल्या, म्हातारा नाही. समोरून मार सुरू झाला. वीसचे पंधरा, पंधराचे अकरा. पाचव्या फेरीला म्हातारा आला. आता सगळं हातात होतं आणि रहाट त्याच फेरीत फिरवता आला असता. पण समोरच्या मुलानं दोन शक्ती न वापरता राखून ठेवल्या होत्या. दोन शक्तींत अडवणारं कार्ड टाकता येतं. मी म्हातारा टाकला आणि त्यानं तो अडवला, तर दुसरा म्हातारा कधी येणार याचा भरवसा नव्हता.

मी ती फेरी काहीच न करता सोडली. तो माझ्याकडे पाहायला लागला. पुढच्या फेरीत अकराचे सहा झाले. मागे उभा एक पोट्टा दुसऱ्याला म्हणाला, "गेली बे हे." मी पुन्हा थांबले असते, पण सहा गुणांवर थांबता येत नाही. म्हणून मी आधी घंटा टाकली, आणि अशी टाकली की तीच माझी शेवटची आशा आहे असं वाटावं.

त्यानं विचार केला, आणि घंटा अडवली.

मग मी दुसरी घंटा टाकली. मग यंत्र. मग म्हातारा. त्याच्याकडे शक्ती उरली नव्हती.

"दाखवा," तो म्हणाला.

मी रहाट फिरवून दाखवला. दोन आल्या, एक गेली, घंटा वाजली. दोन आल्या, एक गेली, घंटा वाजली. तिसऱ्यांदा फिरवायला लागले तर त्यानं हात पुढे केला. "बस. कळलं." हात मिळवताना म्हणाला, "आईंना सांगा, लागली हळद."

अंतिम सामना मी नागपूरच्या एका पोट्ट्याशी सरळ दोन डावांत हरले. पहिल्या डावात म्हातारा आलाच नाही, दुसऱ्यात उशिरा आला. पण जागा दोघांची होती, आणि दुसरी माझी.

संध्याकाळी घरी सगळं सांगितलं. डाग, पंच, दिलेला डाव, काळी कव्हरं, हरलेला अंतिम सामना. काही गाळलं नाही. माय पीठ मळता मळता ऐकत होती.

"म्हणजे माह्या हयदीनं तुहा एक डाव गेला."

"हाव."

"अन पंचानं तो डाव खरंच काढून घेतला? रडलीबी नाही तू?"

"नियम होता."

ती थोडा वेळ मळत राहिली. मग म्हणाली, "पारावर असं नव्हतं. तिथी ज्याचा आवाज मोठा त्याचा नियम." आणि पिठाच्या हातानं डबी चुलीपासून लांब सरकवली. "पुढच्या टायमाले डबीले लावीन हयद. आतल्या बाबाजीले पोचते."

दुसऱ्या दिवसापासून बा माझ्यासमोर बसायला लागला. मला सरावाला कोणीतरी हवंच होतं. मी त्याला जुन्या कार्डांचा एक डेक बांधून दिला, थोडं थोडं मारून जिंकणारा. तो कार्डं त्याच बोटांत धरतो. मायनं एकदाच विचारलं, "काय लावलं हाये?" बा म्हणाला, "काही नाही वं. निस्तं खेयून राह्यलो." ती भाकरी थापत राहिली.

पुण्याला मी गेले. हळद डबीला होती, कार्डांना नव्हती, आणि पंचांनी दोनदा कार्डं तपासली. राज्य स्पर्धेत मी वरच्या आठांत आले.